‘बारा आठवड्यांनी पुन्हा या’ : एपीएलए टेस्टबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी सीबीसीवर लिहिलं आणि पत्रं आली ती एपीएलएची. इतकी, की या वेळचा सगळा रकाना त्यालाच देऊन टाकते. ज्यांच्या कानावर हे नाव आलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपल्या पेशींच्या आवरणात फॉस्फोलिपिड नावाचे स्निग्ध पदार्थ असतात. काही जणांच्या शरीरात त्यांच्याविरुद्ध, खरं तर त्यांना चिकटून बसणाऱ्या प्रथिनांविरुद्ध, अँटिबॉडी तयार होतात. त्यांनाच अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी, म्हणजे एपीएलए म्हणतात. त्यातून पायाच्या शिरेत, फुप्फुसात, मेंदूत गुठळी होऊ शकते. गरोदरपणात वारेचं काम बिघडून गर्भ जाऊ शकतो. लॅबमध्ये आम्ही तीन गोष्टी बघतो : कार्डिओलिपिनच्या अँटिबॉडी, बीटा-टू ग्लायकोप्रोटीनच्या अँटिबॉडी आणि ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, म्हणजे आमच्या बोलीत ‘एलए’. पहिल्या दोन्हींचे आयजीजी आणि आयजीएम हे प्रकार किती आहेत ते मोजता येतं. एलए मोजता येत नाही. रक्त गोठायला किती सेकंद लागतात त्यावरून ती ओळखावी लागते, आणि बहुतेक घोळ तिथेच होतात.

प्रश्न : माझं वय 29. दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा सातव्या-आठव्या आठवड्यात गेलं. दुसऱ्या वेळी पिशवी साफ केल्यावर पंधराव्या दिवशी रक्त तपासलं. कार्डिओलिपिन आयजीएम 17 आलं. कागदावर 12 च्या वर पॉझिटिव्ह असं छापलंय. बाकी निगेटिव्ह. सासरी आता ‘हिच्या रक्तात दोष आहे’ असं चाललंय. पुढच्या खेपेला नऊ महिने पोटात इंजेक्शनं घ्यावी लागतील का?
– एक भगिनी, बार्शी

उत्तर : ताई, त्या 17 वरून कुणी तुमच्या रक्ताला नावं ठेवत असेल, तर हा रकाना त्यांच्यापुढे ठेवा. किटवाल्याने 12 ची रेघ आखली ती निरोगी माणसांपेक्षा जरा वेगळं काही दिसतंय का, एवढं कळावं म्हणून. आजार आहे म्हणायला जगभर 40 युनिटच्या वरचा आकडा धरतात, आणि तोही दोनदा यावा लागतो. शिवाय तुमचा आयजीएम आहे. या आजारात आयजीजीला वजन जास्त. अमेरिका आणि युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी 2023 साली नवे निकष काढले, त्यांत तर नुसता आयजीएम चांगला 40 च्या वर गेला तरी तेवढ्यावर निकष पुरा होत नाही. हे निकष मुळात संशोधनासाठी असतात, समोरच्या पेशंटचं काय करायचं ते डॉक्टरच ठरवतात, हे खरं. पण 17 कुठे बसतं ते यावरून तुमच्या लक्षात येईल.

दुसरं, वेळ. गर्भपातानंतर पंधराव्या दिवशी रक्त काढायची घाई कशाला केली ते मला समजलेलं नाही. त्या दिवसांत शरीर अजून गरोदरपणातून बाहेर आलेलं नसतं, गोठण्याचे घटक चढलेले असतात, एलए नीट वाचता येत नाही. निदान सहा आठवडे जाऊ द्यायला हवे होते. आणि आकडा काहीही आला तरी बारा आठवड्यांनी टेस्ट पुन्हा करायचीच. या अँटिबॉडी डेंग्यू, मलेरिया, साधा व्हायरल ताप असल्या कशानेही काही आठवडे वर येतात आणि आपल्या आपण जातात. 1999 च्या निकषांत हे अंतर सहा आठवड्यांचं होतं, 2006 मध्ये ते बारा केलं. दुसऱ्या वेळी शक्यतो त्याच लॅबमध्ये जा. दोन कंपन्यांच्या किटचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. एकीकडचे 17 दुसरीकडे 9 येतील, आणि बरं वाटलं म्हणून तुम्ही पेढे वाटाल.

आता ‘बाकी निगेटिव्ह’ म्हणजे नेमकं काय काय, ते रिपोर्ट काढून बघा. आपल्याकडे ‘एपीएलए आयजीजी-आयजीएम’ नावाची एक वेगळीच टेस्ट सर्रास लिहिली जाते. तिच्यात बरीच फॉस्फोलिपिड एकत्र असतात आणि निकषांत तिला जागाच नाही. लोकांना वाटतं एपीएलए झाली म्हणजे सगळं झालं. ओळखायची सोपी खूण सांगते : रक्त घेताना फिकट निळ्या टोपणाची ट्यूब वापरली नसेल, तर तुमची एलए झालेलीच नाही. ती व्हायला हवी, कारण गर्भ जाण्याशी तिन्हीपैकी तिचा संबंध सगळ्यांत घट्ट आहे.

टेस्ट करायला सांगणाऱ्या डॉक्टरांचं चुकलं असं मात्र मी म्हणणार नाही. दोन गर्भपात झाल्यावर बघणं रास्तच आहे. निदान पक्कं झालं तर कमी मात्रेतलं अ‍ॅस्पिरिन आणि गुठळी होऊ न देणारी हेपॅरिनची इंजेक्शनं हा चांगला, सरावातला उपचार आहे आणि त्यावर अनेकींची बाळंतपणं सुखरूप होतात. पण तो निदान झालेल्यांसाठी. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ जातो त्यातल्या जवळजवळ निम्म्या वेळी गुणसूत्रांची जुळणीच चुकलेली असते. त्यात आईच्या रक्ताचा दोष नसतो आणि बापाच्याही नाही. बारा आठवडे व्हायच्या आत दिवस राहिले तर मात्र वाट बघत बसू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : बायकोला पाचवा महिना आहे. पहिलंच बाळ. सरकारी दवाखान्यात नाव नोंदवताना रक्त घेतलं, त्यात व्हीडीआरएल (सिफिलिस या गुप्तरोगाची तपासणी) ‘रिअ‍ॅक्टिव्ह 1:4’ आलं. नर्सबाईंनी सगळ्यांसमोर हळूच विचारलं, म्हणजे सगळ्यांना ऐकू गेलं. माझी आई तिच्या हातचं पाणी घेत नाही. एका ओळखीच्या लॅबवाल्याने सांगितलं की हे गुठळीच्या अँटिबॉडीमुळेही येतं. हे खरं का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : खरं आहे. पण आधी मला सांगा, तुमची स्वतःची व्हीडीआरएल झाली का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. उद्या सकाळी जाऊन करून या. पत्र तुम्ही बायकोच्या बाजूने लिहिलंत हे आवडलं म्हणून एवढ्यावर सोडते.

आता लॅबवाल्याच्या म्हणण्याबद्दल. सिफिलिसची पहिली रक्ततपासणी वासरमन यांनी 1906 मध्ये बर्लिनला काढली. पुढे लक्षात आलं की तिच्यासाठी सिफिलिसचे जंतू लागतच नाहीत, जनावराच्या काळजाचा अर्क चालतो. त्या अर्कातला नेमका पदार्थ 1941 मध्ये मेरी पँगबॉर्न या अमेरिकन बाईंनी बैलाच्या हृदयातून वेगळा काढला. हृदयातून काढलेला म्हणून त्याला कार्डिओलिपिन म्हटलं. आजही व्हीडीआरएलच्या बाटलीत कार्डिओलिपिन, लेसिथिन आणि कोलेस्टेरॉल एवढंच असतं. म्हणजे व्हीडीआरएल थेट सिफिलिस शोधत नाही, कार्डिओलिपिनशी जुळणारी अँटिबॉडी शोधते. ती सिफिलिसमध्ये येते, तशीच ल्युपससारख्या, म्हणजे शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःवरच उलटते अशा आजारात येते, तापात येते आणि कधी कधी नुसत्या गरोदरपणातही येते. 1952 मध्ये अमेरिकेत अशा खोट्या पॉझिटिव्ह लोकांचा पाठपुरावा झाला तेव्हा त्यांतल्या अनेकांना ल्युपस निघाला. कार्डिओलिपिनची अँटिबॉडी नेमकी मोजायची पद्धत आली ती 1983 मध्ये, लंडनला ग्रॅहम ह्यूज यांच्या गटाकडून. आज आपण जिला एपीएलए म्हणतो तिचा जन्म असा सिफिलिसच्या चुकलेल्या रिपोर्टांतून झालेला आहे.

तेव्हा पुढची पायरी टीपीएचए. ती सिफिलिसच्या जंतूंविरुद्धचीच अँटिबॉडी शोधते. व्हीडीआरएल 1:4 सारखं कमी आणि टीपीएचए निगेटिव्ह, तर बहुधा खोटं पॉझिटिव्ह. फारच नुकती लागण झाली असेल तर दोन्ही टेस्ट काही दिवसांनी पुन्हा करतात, ते डॉक्टर बघतील. टीपीएचए पॉझिटिव्ह आली तरी आभाळ कोसळत नाही : पेनिसिलिनने हा आजार बरा होतो, बाळही वाचतं, फक्त दोघांनी उपचार घ्यायचे. आणि दोघांपैकी कुणाकडून आलं हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं. हे आईंनाही सांगा.

खोटं पॉझिटिव्ह निघालं म्हणून लगेच एपीएलएचं सगळं पॅनेल करायलाच हवं असं नाही. पूर्वी कधी गुठळी, प्लेटलेट कमी, सांधे सुजणं, उन्हात गेल्यावर चेहऱ्यावर पुरळ, यातलं काही असेल किंवा गरोदरपणात बीपी चढायला लागलं, तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला. तो निर्णय त्यांचा.

प्रश्न : दिवाळीत डावी पोटरी सुजली, डॉप्लरमध्ये गुठळी निघाली. तेव्हापासून रिव्हरॉक्सॅबॅनची, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज सकाळी नाश्त्याबरोबर घेतो. परवा गुठळी कशाने झाली ते शोधायला टेस्ट केल्या. एलए ‘प्रेझेंट’, डीआरव्हीव्हीटी (एलए शोधायची टेस्ट) रेशो 1.6. बाकी दोन्ही अँटिबॉडी निगेटिव्ह. इंटरनेटवर वाचलं की ‘अँटिकोअ‍ॅग्युलंट’ म्हणजे रक्त पातळ करणारं. मग मला गुठळी कशी झाली? आणि मला ल्युपस आहे का?
– वय 41, ठाणे

उत्तर : ल्युपस आहे असं यावरून अजिबात म्हणता येत नाही. 1972 मध्ये हे नाव पडलं तेव्हा ही गोष्ट ल्युपसच्या रुग्णांत दिसत होती, म्हणून ते चिकटलं. आज ज्यांना एलए निघते त्यांतल्या पुष्कळांना ल्युपस नसतो. उरलेल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं टेस्ट कशी करतात त्यात आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

डीआरव्हीव्हीटीमधला ‘आरव्ही’ म्हणजे रसेल्स व्हायपर, आपली घोणस. हो, तीच, उसाच्या फडात कुकरची शिट्टी झाल्यासारखी फुत्कारणारी. तिच्या विषातला एक घटक रक्त गोठण्याच्या साखळीतल्या दहाव्या फॅक्टरला थेट चालू करतो, आधीच्या पायऱ्या गाळून. घोणस चावलेल्या माणसाच्या अंगात हे इतकं बेफाम होतं की गोठण्याचे घटक संपूनच जातात आणि मग रक्त गोठत नाही. म्हणून ग्रामीण रुग्णालयात अशा पेशंटचं रक्त साध्या काचेच्या नळीत वीस मिनिटं न हलवता ठेवतात आणि नळी तिरकी करून बघतात. आम्ही लॅबमध्ये त्याच विषाचा अगदी विरळ अंश प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पेशी बाजूला केल्यावर उरणाऱ्या द्रवात घालतो आणि सेकंद मोजतो. त्यात फॉस्फोलिपिड मुद्दाम जेमतेम ठेवलेलं असतं, कारण गोठण्याच्या घटकांना बसायला त्याचाच पाट लागतो. अँटिबॉडी असेल तर पाट ती अडवते आणि गुठळी उशिरा होते. मग दुसऱ्या नळीत भरपूर फॉस्फोलिपिड घालतो. उशीर भरून निघाला तर तो अँटिबॉडीमुळे होता असं म्हणायचं. मधे निरोगी माणसांचा प्लाझ्मा निम्मेनिम मिसळूनही बघतो, एखादा घटक मुळातच कमी असला तर तो तिथे उघडा पडतो.

हा उशीर फक्त काचेतला. शरीरात त्याच अँटिबॉडी शिरांच्या अस्तराला, प्लेटलेटना आणि पांढऱ्या पेशींना चिथावतात आणि तिथे गुठळी होते.

आता तुमची गोळी. रिव्हरॉक्सॅबॅन नेमका तोच दहावा फॅक्टर दाबते. तुम्ही सकाळी नाश्त्याबरोबर गोळी घेतलीत आणि त्यानंतर रक्त दिलंत, तर तुमच्या रक्तात औषध ऐन भरात होतं. अशा वेळी डीआरव्हीव्हीटी लांबणारच, आणि दुसऱ्या नळीतही गणित असं फसतं की रिपोर्टवर ‘प्रेझेंट’ उमटतं. तुमचा 1.6 बहुतेक तुमच्या गोळीचा आहे. बहुतेक म्हणते, नक्की नव्हे. रक्त घेताना ‘काय औषधं चालू आहेत’ हे तुम्हाला विचारलं होतं का? फॉर्मवर तो रकाना असतो. तो रिकामा ठेवून सॅम्पल पुढे पाठवणाऱ्या लॅबवर माझा राग आहे आणि तो मी लपवत नाही.

उपाय आहेत. गोळी मनाने बंद करायची नाही. गुठळी होऊन काही महिनेच झालेत, रिपोर्टासाठी जीव धोक्यात घालायचा नाही. मोठ्या लॅबमध्ये प्लाझ्मातलं हे औषध शोषून घेणारा पदार्थ वापरून टेस्ट करतात. नाहीतर डॉक्टर काही दिवसांसाठी हेपॅरिनच्या इंजेक्शनवर आणतात आणि शेवटच्या डोसनंतर निदान बारा तासांनी रक्त घेतात. नुसतं पुढच्या गोळीच्या जरा आधी रक्त घेऊन भागवणारेही आहेत, पण त्यावर मी डोळे मिटून सही करणार नाही. रक्त पातळ ठेवणारं वॉरफॅरिन चालू असेल तरीही एलए वाचणं कठीणच जातं. उरलेल्या दोन टेस्टना यातल्या कशानेच फरक पडत नाही, त्यामुळे तुमच्या त्या दोन निगेटिव्हवर विश्वास ठेवायला हरकत नाही. ही चांगली बातमी आहे.

एवढी कटकट कशासाठी, असं वाटेल. उत्तरावर औषध ठरतं. ज्यांच्या तिन्ही टेस्ट पॉझिटिव्ह आहेत अशा रुग्णांवर इटलीत रिव्हरॉक्सॅबॅन आणि वॉरफॅरिन यांची तुलना झाली. रिव्हरॉक्सॅबॅनवाल्यांत मेंदूचे आणि हृदयाचे झटके जास्त यायला लागले म्हणून तो अभ्यास मधेच थांबवावा लागला. 2018 मध्ये ते प्रसिद्ध झालं. तेव्हापासून अशा रुग्णांना जुनं वॉरफॅरिन किंवा असेनोकुमॅरॉलच देतात, आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, 2 ते 3 ठेवून. तुम्ही त्या गटात दिसत नाही. पण एलए खरी की खोटी हे एकदा नीट लागायला हवं.

प्रश्न : मी डीएमएलटीच्या (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) शेवटच्या वर्षाला आहे. एलएचा प्लाझ्मा सेंट्रिफ्यूज यंत्रात दोनदा फिरवायचा असं पुस्तकात आहे. जिथे ट्रेनिंगला जाते तिथले सिनिअर म्हणतात, एकदा पुरे, वेळ कुणाला आहे. कोण बरोबर?
– एक विद्यार्थिनी, धुळे

उत्तर : पुस्तक. आणि तुला हा प्रश्न पडला याचा मला फार आनंद झाला, म्हणून तुझ्यासाठी दोन ओळी जास्त.

प्लेटलेटचं आवरण हेच मुळी फॉस्फोलिपिडचं. एकदा फिरवलेल्या प्लाझ्मात त्या बऱ्याच उरतात. तसाच प्लाझ्मा फ्रीजरमध्ये टाकलास की त्या फुटतात, फॉस्फोलिपिड बाहेर पडतं आणि अँटिबॉडी त्यालाच चिकटून संपते. बाईंना आजार आहे आणि तू निगेटिव्ह लिहून देतेस. दोनदा फिरवून प्लेटलेट मायक्रोलिटरमागे दहा हजारांच्या खाली आणायच्या, त्यासाठीच हा उपद्व्याप.

पहिल्या फेरीनंतर लाल थराच्या वर जी पांढुरकी साय दिसते, तिच्या वर अर्धा सेंटिमीटर प्लाझ्मा तसाच सोडायचा. लोभ करायचा नाही. वरचा प्लाझ्मा प्लास्टिकच्या पिपेटने प्लास्टिकच्याच ट्यूबमध्ये घ्यायचा, काच नको, काचेने गोठणं सुरू होतं. पुन्हा फिरवायचा आणि तळाचा थोडा याही वेळी सोडायचा. रक्त घेताना ट्यूबमधलं सायट्रेट, म्हणजे रक्त गोठू न देणारं द्रावण, 3.2 टक्क्यांचंच हवं, रेघेपर्यंत भरलेलं, म्हणजे तीन एमएलच्या ट्यूबमध्ये 2.7 रक्त आणि 0.3 सायट्रेट. शीर मिळत नाही म्हणून अर्धी भरलेली ट्यूब कुणी आणली तर परत पाठव, शिव्या खा. ट्यूब खळखळ हलवायची नाही, तीन-चारदा सावकाश उलटी-सुलटी करायची. चार तासांच्या आत टेस्ट किंवा उणे 70 चा फ्रीजर. बाहेर काढलेला प्लाझ्मा टेबलावर आपोआप वितळू द्यायचा नाही, 37 अंशांच्या वॉटर बाथमध्ये पाच मिनिटं ठेवायचा.

सिनिअरांना पुस्तक दाखवू नकोस, चिडतील. एकदा फिरवलेल्या आणि दोनदा फिरवलेल्या प्लाझ्मातल्या प्लेटलेट काउंटरवर मोज आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून दाखव.

प्रश्न : वडील 67 वर्षांचे. हर्नियाच्या ऑपरेशनआधी एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) 52 सेकंद आलं, मग एलए पॉझिटिव्ह. ‘रक्त थांबणार नाही’ म्हणून ऑपरेशन पुढे ढकललं. महिन्यापूर्वी त्यांना डेंग्यू झाला होता. आता काय?
– एक वाचक, वाशी

उत्तर : एलएमुळे एपीटीटी लांबलं तर सहसा रक्तस्राव होत नाही. झालाच तर धोका उलट्या बाजूचा, गुठळीचा. पीटी, म्हणजे गोठण्याचा वेळ मोजणारी दुसरी टेस्ट, आणि प्लेटलेट बघून घ्या. या अँटिबॉडीबरोबर क्वचित प्रोथ्रॉम्बिन हा गोठण्याचा घटकही घसरतो आणि मग मात्र खरोखर रक्त जातं. पीटी नॉर्मल असेल आणि डेंग्यूनंतर प्लेटलेट पूर्वपदावर आल्या असतील, तर भूलतज्ज्ञांशी नीट बोला. हर्निया अडकलेला नसेल तर थांबायलाही हरकत नाही. बारा आठवड्यांनी ही एलए नाहीशी झालेली असण्याची शक्यता बरीच आहे.

प्रश्न : मला काहीच त्रास नाही. हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये हे पॅनेल सवलतीत मिळतंय. करून टाकू का?
– पणजी

उत्तर : नको. धडधाकट माणसांतही शंभरात एक ते पाच जणांना यातलं काहीतरी पॉझिटिव्ह येतं आणि त्यातल्या बहुतेकांना जन्मात गुठळी होत नाही. ते पैसे मासळीवर खर्च करा.

प्रश्न : या टेस्टला उपाशीपोटी जायचं का?
– तीन-चार पत्रांत हाच प्रश्न

उत्तर : उपासाची सक्ती नाही. चहा-पोळी खाऊन गेलात तरी चालतं. मात्र बासुंदी-पुरी झोडून लगेच जाऊ नका. प्लाझ्मा दुधासारखा होतो, आमची बरीच यंत्रं प्लाझ्मातून प्रकाश सोडून गुठळी धरली का ते बघतात, आणि त्यांना मग काही दिसत नाही. तुम्हाला पुन्हा बोलवावं लागतं आणि सुई पुन्हा टोचावी लागते.